डिप्रेशनची गोळी: घ्यायलाच हवी का?

'एकदा सुरू केलीस की सुटणार नाही,' असं एक जण सांगतो. 'गोळीशिवाय बरी होणारच नाहीस,' असं दुसरा. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेल्या डिप्रेशनचं मग करायचं तरी काय?

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय सापडतं? व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, जुना चार्जर, अर्धा उरलेला बिस्किटांचा पुडा, डोकेदुखीची गोळी, अॅसिडिटीची गोळी. यातलं काहीच कुणी लपवत नाही. 'अगं, क्रोसिन आहे का कुणाकडे?' अशी हाक अख्ख्या फ्लोअरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मारता येते. एक स्ट्रिप मात्र ड्रॉवरमध्ये नसते. ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. जेवणानंतर वॉशरूममध्ये जाऊन घ्यायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायचं, 'व्हिटॅमिन आहे रे!'

गंमत म्हणजे 'डिप्रेशन' हा शब्द आपण चहाबरोबर खारी खावी इतक्या सहज वापरतो. मॅच हरलो, डिप्रेस्ड. इन्क्रिमेंट कमी आलं, डिप्रेस्ड. वीकएंडला पाऊस पडला आणि ट्रेक कॅन्सल झाला, तरी डिप्रेस्ड! हे सगळं दोन दिवसांत ओसरतं. त्याला गोळी लागत नाही. मित्र, मिसळ आणि एक चांगली झोप पुरते.

मी ज्याबद्दल लिहितेय ते वेगळं आहे. मन खाली बसलेलं, उत्साह नाही, झोप आणि भूक बिघडलेली, स्वतःबद्दल सतत हलकं मत, आणि हे दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त. मानसोपचारतज्ज्ञ याला 'डिस्थायमिया' म्हणत आले. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 'डीएसएम' या जाडजूड ग्रंथात १९८० मध्ये हे नाव आलं आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याचं 'पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर' झालं. या आजाराची खोच अशी की माणूस बिछान्याला खिळत नाही. तो लोकल पकडतो, टार्गेट गाठतो, वाढदिवसाच्या केकसमोर टाळ्या वाजवतो. म्हणून कुणाला कळत नाही. त्याला स्वतःलाही नाही. 'माझा स्वभावच असा' म्हणून गाडी पुढे!

माझं कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून हेच चालू होतं. सव्विसाव्या वर्षी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो. मग विचारलं, 'मधूनच कधी झोप न घेताही प्रचंड एनर्जी आलीय, वारेमाप खर्च झालाय, असं होतं का?' हा प्रश्न बायपोलर आजार ओळखण्यासाठी. तो असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते. रिपोर्ट नॉर्मल आले, गोळी सुरू झाली. आता दोन वर्षं होत आली. तेव्हा या विषयाकडे मी अगदी तटस्थपणे बघतेय, असा दावा मी करणार नाही.

मामीची गोळी आणि माझी गोळी

सल्ल्यांना तोटा नसतो. नाशिकहून आईचा फोन आला, 'अगं, त्या झोपेच्या गोळ्यांसारख्याच असतात. तुझ्या मामीला बघ, दहा वर्षं झाली, अजून सुटत नाहीत.' मी मामीला फोन करून स्ट्रिपवरचं नाव वाचायला लावलं. अल्प्राझोलाम! ही खरोखर सवय लावणारी गोळी. लगेच शांत वाटतं, मग तेवढ्याने भागत नाही, डोस वाढत जातो. डिप्रेशनवर सहसा देतात त्या एसएसआरआय गटातल्या (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन वगैरे) गोळ्यांची 'तलफ' येत नाही. उलट पहिले दोन-चार आठवडे त्या काहीच करत नाहीत असंच वाटतं. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून! पण आईचं अगदीच चूक होतं असंही नाही. या गोळ्या एकदम बंद केल्या तर शरीर तक्रार करतं. त्यावर पुढे येतेच.

दुसऱ्या बाजूचे सल्ले जास्त मॉडर्न असतात. 'सेरोटोनिन लो झालंय, बस. डायबेटिसवाला इन्सुलिन घेतो ना, तसंच.' ऐकायला किती बरं वाटतं! दोष आपला नाही, केमिकलचा. पण शुगर मोजता येते. डिप्रेशनसाठी मेंदूतलं सेरोटोनिन मोजून गोळी देणारी लॅब मी अजून पाहिलेली नाही. २०२२ मध्ये लंडनच्या डॉ. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचा अभ्यास एकत्र चाळला. सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन येतं, याला भक्कम पुरावा नाही, असं त्यांना दिसलं. सोशल मीडियावर लगेच 'गोळ्या फ्रॉड आहेत' सुरू झालं.

थांबा जरा. या गोळ्यांचा शोधच मुळी अपघाताने लागलाय. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू हॉस्पिटलात, टीबीच्या पेशंट्सना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते. मरणपंथाला लागलेली माणसं खुशीत आली; वॉर्डात नाचू लागली, अशा बातम्या छापून आल्या. स्वित्झर्लंडच्या रोलँड कून यांनी इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं. तिथे ते फुकट गेलं, पण डिप्रेशनवर चाललं. सेरोटोनिनची थिअरी नंतर आली, आणि १९८७ च्या शेवटी अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाल्यावर ती जाहिरातींतून घराघरात गेली. म्हणजे थिअरी डळमळली म्हणून गोळी चालत नाही, असं होत नाही. आपण मूठमूठभर खातो ते पॅरासिटामॉल नेमकं कसं काम करतं, यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत. डोकं मात्र थांबतं!

चालते, पण किती?

२०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक भलामोठा अभ्यास आला. २१ औषधं, ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर पेशंट. एकवीसच्या एकवीस औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरस म्हणजे सरासरीने थोडीशीच. आणि २०१० मध्ये 'जामा'त आलेल्या एका विश्लेषणानुसार सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये खऱ्या आणि नकली गोळीत फरक नगण्य, तर अतिशय तीव्र डिप्रेशनमध्ये तो ठळक. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात म्हणूनच सांगितलं की कमी तीव्रतेच्या डिप्रेशनला सरसकट गोळीने सुरुवात करू नका. पेशंटलाच ती हवी असेल तर गोष्ट वेगळी.

हे वाचून मी खूश झाले होते. माझं काही 'अतिशय तीव्र' नव्हतं ना! मग गोळी कशाला?

घोळ इथेच आहे. रोजच्या तीव्रतेच्या मापाने बघितलं तर जुनाट डिप्रेशन बऱ्याचदा 'माइल्ड' दिसतं. पण ते आपोआप ओसरत नाही. साधं डिप्रेशन काही महिन्यांत स्वतःहून उतरू शकतं, म्हणून चाचण्यांत नकली गोळीचाही रिझल्ट चांगला दिसतो. वर्षानुवर्षं मुरलेलं असं उतरत नाही. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये जुनाट डिप्रेशनवरच्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा त्यांना दिसलं की डिस्थायमियात नुसती थेरपी नुसत्या औषधापेक्षा मागे पडते. आणि दोन्ही मिळून कुठल्याही एकापेक्षा पुढे. 'माइल्ड आहे, चालायला जा' हा सल्ला नेमका ज्यांना पुरत नाही, ती माणसं ही.

चालायला जाऊच नये असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर केलेल्या प्रयोगात, सोळा आठवड्यांनंतर व्यायाम सर्ट्रालिनच्या तोडीस तोड ठरला. फक्त, तिथे ग्रुप होता, ठरलेली वेळ होती, सोबत देखरेख करणारं माणूस होतं. सकाळी दात घासायला उठणं हीच ज्याची मॅरेथॉन आहे, त्याला 'जिम लाव' सांगून आपण नक्की काय करतो?

४८, ४८ आणि ७३

जुनाट डिप्रेशनवरचा मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास २००० सालचा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला. ६८१ पेशंट, बारा आठवडे, तीन गट. एकाला नेफाझोडोन नावाची गोळी, दुसऱ्याला थेरपी, तिसऱ्याला दोन्ही. नुसत्या गोळीवर ४८ टक्के जणांत चांगली सुधारणा. नुसत्या थेरपीवर? तेही ४८ टक्केच. आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७३ टक्के.

खोट काढायची तर भरपूर काढता येते. नकली गोळीचा गट नव्हता. पैसा औषधकंपनीचा होता. आणि ती गोळी? लिव्हरवर गंभीर परिणाम झाल्याची प्रकरणं पुढे आली आणि २००४ मध्ये कंपनीने तिची अमेरिकेतली विक्री थांबवली. तरीही 'दोन्ही मिळून जास्त' हा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांतही टिकून राहिला.

यातली थेरपी खास जुनाट डिप्रेशनसाठी जेम्स मॅकलोह यांनी बांधलेली होती. तिचा फंडा साधा. लहानपणापासून किंवा वर्षानुवर्षं खिन्न राहिलेल्या माणसाला वाटतं, मी काहीही केलं तरी शेवट तोच. बॉस ओरडणारच, मैत्रीण जाणारच. मग थेरपिस्ट एकेक छोटा प्रसंग घेऊन बसतो. मीटिंगमध्ये काय झालं? तू काय म्हणालास? तुला काय हवं होतं? ते मिळालं का? नाही, तर कुठल्या वाक्यावर गाडी घसरली? अगदी पोस्टमॉर्टेम! आपल्या वागण्याने पुढचं बदलतं, हे पुन्हा पुन्हा दिसल्याशिवाय पटत नाही.

माझ्या थेरपिस्टची पद्धत वेगळी आहे, पण मला कळलेली गोष्ट हीच. गोळीने मला आनंद वगैरे दिला नाही. जो कुणी 'हॅपी पिल' म्हणतो त्याने एकदा घेऊन बघावी! झालं इतकंच की पाचव्या आठवड्यात मी एका एडिटरचा तिखट ई-मेल वाचला आणि त्यानंतर जेवले. आधी त्या मेलवर दोन दिवस गेले असते. ते दोन दिवस वाचले म्हणून थेरपीत त्या मेलबद्दल बोलता आलं. पण एडिटरला पैशांबद्दल विचारायचं कसं, हे गोळी शिकवत नाही. आणि नाही विचारलं तर महिनाअखेरीला पुन्हा खड्डा ठरलेला.

डॉक्टर नसलेले काउन्सेलर

इथे आपल्या शेजारच्या गोव्याची गोष्ट सांगायलाच हवी. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेच्या टीमने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मध्यम-तीव्र ते तीव्र डिप्रेशनचे ४९५ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटी. भेटणारे सायकॉलॉजिस्ट नव्हते. मानसोपचारातलं कुठलंही शिक्षण आधी न झालेली, ट्रेनिंग देऊन तयार केलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के जण डिप्रेशनमधून बाहेर आले होते, तर काउन्सेलर भेटत होते त्या गटात ६४ टक्के. वर्षानंतरही हा फायदा टिकून होता.

ते करत काय होते? 'मूड आला की करू' हे उलटं फिरवत होते. आधी कर, मूड मागून येईल. शेजारणीकडे दहा मिनिटं बसून ये, बंद पडलेली बाग पुन्हा सुरू कर, आणि काय केल्यावर कसं वाटलं ते लिही. इंग्रजीत याला 'बिहेवियरल अॅक्टिव्हेशन' असं भारदस्त नाव आहे. आपल्या आज्या 'ऊठ, जरा हातपाय हलव' म्हणतात त्याच्या जवळ जाणारं वाटेल, पण फरक मोठा आहे. आजी सांगून आत जाते. हे लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन विचारतात, 'जमलं का? नाही? मग अर्धं करू.'

हा प्रयोग खास जुनाट डिप्रेशनवाल्यांवरचा नव्हता. त्यावरून तुमची गोळी बंद करू नका! पण थेरपी म्हणजे वांद्र्यातलं एसी क्लिनिक आणि इंग्रजीतल्या गप्पा, ही समजूत मात्र त्याने पार मोडीत काढली.

सव्वीसशे की सत्तावीस हजार?

कारण खरा अडसर पैशांचा आहे, आणि त्याबद्दल बोलताना आपण उगाच लाजतो. मघाच्याच डच अभ्यासात असंही दिसलं की जुनाट डिप्रेशनमध्ये थेरपीचा पुरेसा फायदा व्हायला किमान अठरा सेशन्स लागतात. माझ्या थेरपिस्टची फी दीड हजार. अठरा गुणिले दीड हजार म्हणजे सत्तावीस हजार रुपये. माझी जेनेरिक गोळी महिन्याला तीनशेच्या आतच पडते. नऊ महिन्यांचे फार तर सव्वीस-सत्तावीसशे. आता सांगा, महिन्याला पस्तीस हजार घरी नेणारा, त्यातले बारा खोलीभाड्यात घालवणारा मुलगा काय निवडेल? तो 'गोळीवर विश्वास' ठेवत नाही, त्याला तेवढंच परवडतं. आणि डॉक्टरांकडेही वेळ कुठे आहे? आपल्या देशात लाखामागे एक पूर्ण सायकियाट्रिस्टही नाही, हिशेब येतो पाऊण! निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, डिप्रेशन असलेल्यांपैकी साधारण ८५ टक्के लोकांना कुठलेच उपचार मिळत नव्हते. गोळी की थेरपी, हा वाद उरलेल्या पंधरातला.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यानुसार विमाकंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच्याच असतात. दर बुधवारचं सेशन त्यात बसत नाही. तुमच्या एचआरला एकदा विचारून बघा, ग्रुप पॉलिसीत ओपीडी आहे का, कंपनीने काही मोफत सेशन्स घेऊन ठेवलीत का. केईएम, सायन, नायरसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी नाममात्र केसपेपरवर चालते. रांग असते, अर्धा दिवस जातो, पण असते. आणि रात्री दोन वाजता काही सुचेनासं झालं, जीव नको वाटला, तर सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सोडायची कधी?

गोळी सुरू करताना कुणी सांगत नाही अशा दोन गोष्टी. एक, सेक्सची इच्छा कमी होणं किंवा सगळं फार उशिरा होणं. याला घाबरून किती तरी जण गुपचूप गोळी बंद करतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा हो! डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. दोन, वय. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेत या औषधांच्या पाकिटावर छापावा लागतो. मुलांसाठी तो २००४ मध्ये आला आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. फ्रेशर मंडळींनी पहिले काही आठवडे घरात कुणाला तरी माहीत असू द्यावं.

आणि बंद करणं. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने बरं वाटतंय म्हणून ट्रिपच्या आधी गोळी थांबवली. चौथ्या दिवशी चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे बारीक झटके. तिला वाटलं, डिप्रेशन परत आलं. ते औषध एकदम तुटल्याचं होतं. हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवलं तर हे बरंच टळतं.

कायम घ्यावी लागते का? इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, बरं वाटत असलेल्या आणि गोळी थांबवायचा विचार करणाऱ्या ४७८ जणांना दोन गटांत वाटलं. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के जण वर्षभरात पुन्हा घसरले. हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के. दोन्ही आकडे नीट वाचा. गोळी घेऊनही दहातले चार पडले, आणि सोडूनही चारांहून जास्त उभे राहिले. आईला मी हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, 'म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही?' नाही गं आई, प्रत्येकाचं आधीच सांगता येत नाही. तरी एक गोष्ट हातात आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्याच ४२४ जणांच्या अभ्यासात, माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी शिकत गोळी उतरवणाऱ्यांत आणि गोळी चालू ठेवणाऱ्यांत पुन्हा घसरण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, ४४ आणि ४७ टक्के. हात रिकामा ठेवून सोडणं आणि हातात काही घेऊन सोडणं, यात फरक पडतो.

गेल्या महिन्यात मी डॉक्टरांना विचारलं, 'आता उतरवूया का?' त्यांनी 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही. विचारलं, 'तुझे वाईट महिने कुठले?' मी म्हटलं, मार्च, कारण सगळ्यांची पेमेंट्स तेव्हा अडकतात. आणि जुलै, पावसाने आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा. त्या म्हणाल्या, 'मग पाऊस संपू दे. ऑक्टोबरला दहाची साडेसात करू, डिसेंबरला पाच. थेरपी तोवर सोडायची नाही. आणि मार्चमध्ये काही बदलायचं नाही.' मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात. आईच्याही कॅलेंडरवर, नाशिकला.